भिंतीवरचा टीव्ही आणि त्याच्या वायरी

घर आणि वीज : वाचकांचे प्रश्न

होळीच्या आसपास नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, रंगकाम निघते आणि त्याच धांदलीत अनेक घरांतला टीव्ही टेबलावरून उठून भिंतीवर चढतो. या महिन्यात आलेल्या पत्रांत टीव्ही कसा टांगावा, हे विचारणारे फारसे कोणी नाही. टांगल्यानंतर त्याच्या खाली लोंबणाऱ्या वायरींचे काय करावे, हेच बहुतेकांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतले सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही नुकताच फ्लॅट घेतला असून दिवाणखान्यात ५५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचा आहे. बिल्डरने दिलेला स्विचबोर्ड जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आहे. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाचे म्हणणे असे की, भिंतीत खाच मारून टीव्हीचीच वायर आत दाबू, लांबीला कमी पडली तर प्लग कापून जोड देऊ आणि वरून प्लास्टर करू. हे योग्य आहे का?
(एक वाचक, बेसा)

उत्तर : नाही, आणि त्या माणसाने ‘जोड देऊ’ असे सहज म्हटले असेल, तर त्याला भिंतीला हातच लावू देऊ नये, असे माझे मत आहे. टीव्हीबरोबर येणारी वायर उघड्यावर, डोळ्यांसमोर राहील अशा बेताने केलेली लवचीक वायर असते. पक्क्या फिटिंगसाठी ती नसते, आणि ती प्लास्टरखाली गाडली की तिचे वरचे आवरण कुठे सोलले, कुठे चेपले, हे पुन्हा कधीच कळत नाही. येथे एक गैरसमज आधी दूर करतो. ५५ इंची टीव्ही साधारण १५० वॅट घेतो असे धरले, तर २३० व्होल्टवर त्यातून पाऊण अँपियरही प्रवाह वाहत नाही. म्हणजे केवळ टीव्हीच्या भाराने वायर तापून पेटेल, ही भीती खरी नाही. धोका असतो तो प्लास्टरमागच्या त्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचा, जो वर्षा-दोन वर्षांत सैल होऊन ठिणग्या टाकू लागतो, आणि दोन वर्षांनी त्याच जागी तसबीर लावण्यासाठी ठोकलेल्या खिळ्याचा. प्लग कापल्यावर टीव्हीच्या वॉरंटीबाबत कंपनी हात वर करू शकते, हे वेगळेच.

टीव्हीची वायर खाली बोर्डापर्यंत आणण्याऐवजी बोर्डातली वीज वर टीव्हीपर्यंत न्यावी, हा यावरचा सरळ मार्ग आहे. खालच्या बोर्डातून २० किंवा २५ मिलिमीटरचा कंड्युट पाइप, म्हणजे वायरी ओढण्याची प्लास्टिकची नळी, भिंतीतून वर न्यावा, त्यातून १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन वायरी, म्हणजे लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग, अखंड ओढाव्यात आणि टीव्हीच्या मागे ६ अँपियरचे थ्री-पिन सॉकेट बसवावे. पाइपच्या आत कुठेही जोड नको. जोड असतील ते दोन्ही टोकांच्या बोर्डांत, स्क्रूखाली. अनेक जण सॉकेटबरोबर स्विचही टीव्हीच्या मागे लपवतात, ते मात्र टाळावे. स्विच खालच्या बोर्डावर, हात पोहोचेल असा ठेवावा, म्हणजे वादळात किंवा टीव्हीतून जळका वास आल्यास पंधरा किलोचा टीव्ही भिंतीवरून उतरवत बसण्याची वेळ येणार नाही.

सॉकेटची जागा ठरवताना घाई करू नये. टीव्ही खोक्यातून काढून सोफ्यावर पालथा ठेवा, त्याची पॉवरची वायर आणि एचडीएमआयची, म्हणजे चित्र-आवाज आणणाऱ्या वायरीची, तोंडे कोणत्या बाजूला आहेत ते पाहा, आणि मगच भिंतीवर खडूने खुणा करा. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. सोफ्यावर बसून पाहायचा असेल, तर पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतो. घरातली मंडळी गादीवर बसून पाहणारी असतील, तर आणखी खाली. ब्रॅकेटची लोखंडी पट्टी नेमकी मध्यावर येत असल्याने सॉकेट तिच्या एका अंगाला घ्यावे. भिंतीला चिकटून राहणाऱ्या साध्या ब्रॅकेटमध्ये टीव्ही आणि भिंत यांच्यात इंच-सव्वा इंच जागा उरते, तर थ्री-पिन प्लग त्याहून सहज जाड असतो. त्यामुळे ‘सॉकेट मागे घेतले, पण टीव्हीच बसेना’ असे हमखास होते. यासाठी सॉकेटचा बॉक्स भिंतीत नेहमीपेक्षा थोडा आत बसवून घ्यावा, किंवा वायर बाजूला वळलेली असते असा काटकोनी प्लग वापरावा. माझ्या स्वतःच्या घरी मी ही मापे घेतली नव्हती, आणि परिणामी आमचा टीव्ही सहा महिने डावीकडे किंचित पुढे आलेला होता; येणारा प्रत्येक पाहुणा मान तिरकी करून त्याविषयी विचारत असे.

आता दुसरा पाइप, ज्याचा विचार बहुतेक लोक करत नाहीत. सेट-टॉप बॉक्स खालच्या कपाटात ठेवणार असाल, तर त्याची एचडीएमआय वायर, डिशची वायर आणि इंटरनेटची लॅन वायर यांच्यासाठी वेगळा पाइप हवा. विजेच्या पाइपात या वायरी घालू नयेत. एका पाइपातल्या फेजच्या वायरीचे आवरण खरचटले, तर २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या सर्किटमध्ये शिरतील. दोन्ही पाइप दोन-तीन इंचांच्या अंतराने समांतर न्यावेत आणि एकमेकांना ओलांडायचेच असेल, तर काटकोनात ओलांडावे. एचडीएमआयचे तोंड प्लास्टिकच्या आवरणासह साधारण २० मिलिमीटर रुंद असते, म्हणून २५ मिलिमीटरच्या पाइपातून ते सरळ जागी कसेबसे जाते, पण वळणावर अडकते. हा पाइप ४० मिलिमीटरचा घ्यावा, वळणे काटकोनी एल्बोऐवजी लांब बाकाची ठेवावीत आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून द्यावी. ही दोरी पुढे किती उपयोगी पडते ते सांगतो. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ मध्ये आली, २.० ही २०१३ मध्ये आणि २.१ ही २०१७ मध्ये. या काळात जुन्या वायरी नव्या उपकरणांना अनेकदा कमी पडू लागल्या. ज्यांनी २०१२ साली एचडीएमआय थेट प्लास्टरमध्ये गाडली, त्यांच्या भिंतीत ती आजही आहे आणि नवी वायर बाहेरून लोंबते आहे. पाच मीटरपर्यंत चांगल्या प्रतीची साधी वायर चालते. त्याहून लांब न्यायची असेल, तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्यावी. ती एकदिश असते, म्हणजे तिचे टीव्हीकडचे आणि बॉक्सकडचे टोक ठरलेले असते. उलटी ओढली तर सगळी पुन्हा काढावी लागते.

राहिला भिंतीचा प्रश्न. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा वीटकामाच्या आयएस १९०५ या भारतीय मानकाचा दंडक आहे. फ्लॅटमधली आतली भिंत बहुधा साडेचार इंची, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटरची असते. तिचा एक-तृतीयांश ३८ मिलिमीटर. त्यात गिलाव्याचे १२ ते १५ मिलिमीटर धरले, तर खोली जेमतेम ५० मिलिमीटर मिळते. त्यात ४० मिलिमीटरचा पाइप बसतो, त्याहून मोठा बसवण्याचा हट्ट धरू नये. कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा भरपूर वापरल्या जातात. त्यांच्या भिंतीवर छिन्नी-हातोडा चालवला की वीट मागच्या खोलीत निघते, म्हणून कटर मशीनने दोन समांतर काप देऊन मधला भाग हलकेच काढायला सांगावे. आरसीसीचा कॉलम, बीम किंवा पूर्ण काँक्रीटची भिंत मात्र कापूच नये, कारण आत सळई असते. पाइप बसल्यावर त्यावर बारीक जाळी लावून मग प्लास्टर करावे. एरवी त्या रेषेवर तडा जातो, आणि काळ्या मातीवर उभ्या असलेल्या नागपुरातल्या घरांना तडे जायला तशीही फारशी सबब लागत नाही.

प्लास्टर करण्यापूर्वी मोजपट्टी भिंतीला लावून दोन्ही पाइपांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तो घरातल्या सर्वांना पाठवा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. टीव्ही बसवायला येणारा माणूस ब्रॅकेटच्या कामात निपुण असू शकतो. पण वायरिंग हे त्याचे काम नव्हे.

प्रश्न : महाल भागात आमचे जुने घर आहे. भिंती दीड फूट जाड, चुन्याच्या आहेत आणि वायरिंग लाकडी पट्टीवरचे आहे. मुलगा ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावू म्हणतो. वायर भिंतीत लपवता येईल का?
(एक वाचक, महाल)

उत्तर : भिंत जाड आहे म्हणून ती मजबूत धरून चालणार नाही, हे आधी आपल्या चिरंजीवांना सांगावे. चुन्याच्या किंवा मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीत ड्रिलचे छिद्र पाडले की आतला चुरा ओघळतो, छिद्र वाटोळे राहत नाही, आणि फास्टनर आवळला की तो जागच्या जागी फिरतो. खाच मारल्यास हातभर गिलावा खाली येण्याची शक्यता अधिक. म्हणून वायर भिंतीत लपवू नये. पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकण असलेल्या पोकळ, पट्टीतून ती वरूनच न्यावी, आणि पट्टी चौकटीच्या किंवा तुळईच्या कडेने नेऊन भिंतीच्याच रंगात रंगवावी. नीट केलेले असे काम डोळ्यांना खुपत नाही.

मला अधिक चिंता वाटते ती लाकडी पट्टीवरच्या वायरिंगची. अशा जुन्या वायरिंगमध्ये बहुधा फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी असतात, अर्थिंग नसतेच, आणि वायरींचे आवरण इतके कडक झालेले असते की वाकवताच त्याचे पापुद्रे निघतात. तिच्यातून टीव्हीसाठी नवी जोडणी काढू नये. मीटरजवळच्या मेन स्विचपासून वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घेऊन तीन वायरींची नवी लाइन टीव्हीपर्यंत आणावी, आणि त्याच खेपेला घराचे अर्थिंग करून घ्यावे. खर्च टीव्हीच्या वायरिंगपेक्षा जास्त होईल, पण तो टीव्हीसाठी नसून घरासाठी आहे.

आणि विचारलेच आहे म्हणून सांगतो : टीव्ही टेबलावरच ठेवावा. दीड फुटी भिंतीच्या घरात बहुधा एखादे शिसवी किंवा सागवानी टेबल असतेच. मुलगा अडूनच बसला, तर भिंतीवर जाड प्लायवूडची मोठी फळी सात-आठ ठिकाणी लांब फास्टनरने पक्की करून मग तिच्यावर ब्रॅकेट लावावा, म्हणजे भार एकाच जागी येणार नाही.

प्रश्न : आमचा टीव्ही खिडकीशेजारच्या भिंतीवर आहे आणि खिडकीत कूलर बसतो. दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आहेत आणि तो बोर्ड टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवला आहे, त्यामुळे काही दिसत नाही. यात काही चूक आहे का?
(एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आहे, आणि ती उन्हाळ्याआधी सुधारावी. भाराचे म्हणाल, तर टीव्ही आणि कूलर मिळूनही ६ अँपियरच्या सॉकेटला जड नाहीत. अडचण पाण्याची आहे. कूलरच्या टाकीत पाइपने पाणी भरताना ते सांडते, पॅडवरून शिंतोडे उडतात, आणि कूलरची वायर ओली झाली की पाणी तिच्या कडेकडेने ओघळत थेट बोर्डात जाते. लोखंडी कूलरच्या बॉडीत वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. असा कूलर आणि टीव्ही एका पट्टीवर, तीही डोळ्यांआड, हे मला पटत नाही.

कूलरसाठी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला, टाकीच्या पातळीहून वर, वेगळे थ्री-पिन सॉकेट घ्यावे आणि त्याचे अर्थिंग चालू असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. कूलरची वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाईल, सॉकेटपर्यंत चढणार नाही. मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागताच पुरवठा तोडणारे यंत्र, नसेल, तर तो या वर्षी बसवाच. असेल, तर त्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. पाणी भरताना प्लग काढावा, हे सर्वांना माहीत असते आणि पहाटेच्या झोपेत कोणीच करत नाही, म्हणूनच हे यंत्र हवे.

कूलरचा झोत टीव्हीच्या मागच्या बाजूवर थेट येत असेल, तर कूलरचे तोंडही फिरवावे. आपल्या बोअरच्या पाण्याने पॅडवर जसा पांढरा थर धरतो, तसाच दमट, क्षारयुक्त थर टीव्हीच्या जाळीतून आत बसत राहतो. तीच भिंत पश्चिमेची असेल, तर आणखी एक गोष्ट. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत सहसा ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यास सांगितलेले असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर ४५ अंश असताना पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत निवत नाही. अशा भिंतीवर टीव्ही अगदी चिकटवून न लावता दोन-अडीच इंच पुढे राहील असा ब्रॅकेट घ्यावा; वायरींनाही तेवढीच मोकळीक मिळते.

प्रश्न : भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला एकही छिद्र पाडायचे नाही, अशी घरमालकांची अट आहे. वायरी कशा झाकाव्यात?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : छिद्रच पाडायचे नसेल, तर टीव्हीही भिंतीवर लागणार नाही, त्यामुळे प्रश्न निम्मा सुटला. टीव्हीसाठी मागे खांब असलेला, जमिनीवर उभा राहणारा स्टँड मिळतो. वायरी त्या खांबाच्या आतून किंवा मागून पट्ट्यांनी बांधून खाली आणाव्यात. भिंतीवरून नेण्याच्या उरल्यासुरल्या वायरींसाठी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवरची केसिंग पट्टी चालेल. घर सोडताना ती ओरबाडून काढल्यास रंगाचा पापुद्रा आणि अनामत रकमेतला हिस्सा, दोन्ही जातात. केस वाळवायच्या ड्रायरने टेप गरम करून सावकाश काढावी.

प्रश्न : टीव्हीचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, तेव्हापासून टीव्ही लावला की मेन बोर्डातला आरसीसीबी पडतो. टीव्ही खराब आहे का?
(एक वाचक, नंदनवन)

उत्तर : टीव्ही दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून पाहा. तेथे आरसीसीबी पडत नसेल, तर दोष नव्या वायरिंगचा आहे, आणि तो मी न पाहताही बराचसा ओळखू शकतो. वायरमनने फेज इन्व्हर्टरच्या लाइनवरून आणला असेल आणि न्यूट्रल जवळच्या दुसऱ्याच बोर्डातून उचलला असेल. आरसीसीबी काय करतो, तर फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे सतत तोलून पाहतो. परतीची वाट वेगळी झाली की हिशेब जुळत नाही आणि तो वीज तोडतो. फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे करून घ्यावेत. काही जण यावर उपाय म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. तसे सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

प्रश्न : टीव्हीच्या मागे एचडीएमआय वायर लावताना बोटांना झिणझिण्या येतात. टीव्हीचा प्लग टू-पिन आहे. आम्ही वायरी एकत्र बांधून मागे कोंबल्या, त्यामुळे तर असे होत नसेल ना?
(एक वाचक, सदर)

उत्तर : वायरी एकत्र बांधल्यामुळे असे होत नाही. टू-पिन प्लगच्या टीव्हीत आणि सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये आवाज-चित्रातला खरखराट गाळण्यासाठी जे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह धातूच्या तोंडांवर येत असतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट नसली, की कोरड्या हवेतही बोटाला मुंग्या आल्यासारखे वाटते. दोन्ही उपकरणांचे प्लग काढूनच वायरी जोडाव्यात. मात्र झिणझिण्यांच्या जागी झटका बसत असेल, किंवा त्याच वेळी फ्रिजला, गिझरच्या नळाला हात लावतानाही तसेच जाणवत असेल, तर घराचे अर्थिंग तुटलेले असण्याची शक्यता आहे, आणि मग वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.

टू-पिन प्लगविषयी आणखी एक सूचना. आपल्याकडच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये तो अनेकदा सैल बसतो, आणि टीव्हीच्या मागे असल्याने त्याची चुरचुर कोणाला ऐकू येत नाही. बोटाने हलवून पाहा. हलत असेल, तर सॉकेट बदला. त्यावर टू-पिन ते थ्री-पिन असे छोटे जोडणीचे तुकडे लावू नयेत, कारण ते भिंतीपासून आणखी दोन इंच बाहेर येतात आणि टीव्हीच्या पाठीने दाबले जाऊन आणखी सैल होतात.

वायरी बांधण्यासाठी कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी पुन्हा सोडता येतील अशा वेल्क्रोच्या पट्ट्या घ्याव्यात आणि डिशची वायर त्या जुडग्यात बांधू नये. एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी पावसाबरोबर विजा कडाडू लागल्या, की टीव्हीचा प्लग काढून भागत नाही. गच्चीवरच्या डिशकडून येणारी वायरही सेट-टॉप बॉक्समधून सोडवावी लागते, आणि ती जुडग्यात आवळलेली असली तर अंधारात बोटांना सापडत नाही.